माणसं दहा, सीटा सात: येळ्ळूरच्या आमच्या घरानं जुनी गाडी कशी घेतली

आमच्या घरात दहा माणसं. आज्जी, आप्पा, आई, थोरला दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं (एक सातवीत, एक तिसरीत), मी, माझी बायको आणि आमची चार वर्षांची पोर. गाव येळ्ळूर, बेळगावपासनं तसं जवळच, पण आज्जीला घेऊन जायचं म्हटलं की तेवढं पण लांब वाटायचं, कारण घरात दोन मोटारसायकली आणि दादाची जुनी अल्टो एवढंच होतं आणि अल्टोत आज्जीला पुढं बसवलं की तिचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे, उतरताना दोघांनी धरून उभं करायला लागायचं. डोळ्याच्या ऑपरेशनला तिला नेलं त्या दिवशी परत येताना ती काहीच बोलली नाही, घरात येऊन नुसती भिंतीला टेकून बसली, आणि त्या रात्री दादा म्हणाला की आता मोठी गाडी बघायचीच.

हे २०२४ च्या गणपतीतलं. गाडी दारात आली फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे मधे पाच महिने गेले. एवढे का गेले आणि त्यात आम्ही काय काय बघितलं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण आमच्यासारखी घरं इकडं गावोगाव आहेत आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर राहणाऱ्याला जुनी गाडी घेताना जे प्रश्न पडतात ते पुण्या-मुंबईच्या माणसाला पडत नाहीत.

आधी पैशाचं. नवीन एर्टिगा (मारुतीची सात सीटची गाडी) तेव्हा कर्नाटकात रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखाच्या वर जात होती, ते आमच्या आवाक्यात नव्हतंच. भिशीचे दीड लाख मिळणार होते, अल्टो विकून एक लाख दहा हजार, दादाचे भाताचे लाखभर, आणि राहिलेलं सोसायटीचं कर्ज. सगळं धरून हद्द सहा लाख, आणि ती सुद्धा गाडीची नव्हे, गाडी + कागद + टायर + रिपेरी सगळं मिळून सहा लाख. हे सुरवातीलाच ठरवलं ते बरं झालं, नाहीतर सहाची गाडी घेऊन वरचा लाखभर कुठनं आणायचा म्हणत बसलो असतो.

आता पहिला वाद घरातच झाला. आप्पांचं म्हणणं, घेताय तर दहाही जण बसतील अशीच घ्या, टवेरा घ्या नाहीतर सुमो घ्या, कुणाला घरी ठेवून जायचं म्हणजे काय. म्हाताऱ्या माणसाला घर एकत्र गेलेलं बघायचं असतंय, त्यात चूक काहीच नाही. टवेरा ९-१० सीटची मिळते पण, आणि स्वस्तात मिळते. पण शेवरलेटनं २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं बंद केलं, त्यामुळं पार्ट मिळतात ते बाहेरच्या दुकानातनं, आणि आमच्या मेस्त्रीनं स्पष्ट सांगितलं की रोज गाडीखाली शिरून दुरुस्ती करणारा ड्रायव्हर असला तर टवेरा घे, घरच्या गाडीला नको.

तरी आप्पा ऐकत नव्हते. शेवटी वाद मिटला तो आप्पांच्याच वहीनं. आप्पा घरखर्चाची वही लिहितात, लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, त्यात दुधाचा हिशोब, पेंडीची पोती, लग्नाचा आहेर सगळं असतंय, आणि भाड्यानं आणलेल्या गाड्या पण असतात. ‘क्रुझर सौंदत्ती ४५००’ अशा ओळी. मी एका रविवारी बसून २०२३ च्या पाडव्यापासनं २०२४ च्या पाडव्यापर्यंतच्या अशा सगळ्या ओळी वेगळ्या कागदावर काढल्या आणि प्रत्येकापुढं कोण कोण गेलं होतं ते आई आणि वहिनीला विचारून लिहिलं. एकूण १४ खेपा निघाल्या. त्यातल्या दहाच्या दहा जण गेलेल्या फक्त ३: सौंदत्तीची यल्लम्मा, जोतिबा आणि निपाणीचं एक लग्न. दोन खेपा चौघांच्या. बाकी ९ खेपांना माणसं होती सहा नाहीतर सात.

का ते सगळ्यांना माहीत होतं पण कुणी कधी बोललं नव्हतं. घरात दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ धार काढायला कोणतरी लागतंय, मग कधी वहिनी मागं राहते, कधी मी, कधी दादा. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, माझी शिफ्ट असते, ती आणि वेगळी. म्हणजे दहा जण एकदम निघणं हे आमच्याकडं वर्षातनं तीनदा होतंय आणि त्या तीनदा शेजारच्या दोन म्हाताऱ्या माणसांना सांगून, धार लवकर काढून, सगळी धडपड करून होतंय. आप्पांनी तो कागद दोनदा वाचला, मग म्हणाले, “मग सात सीटची बघा. यल्लम्मेला क्रुझर सांगायची.” झालं, तिथनं पुढं टवेराचं नाव निघालं नाही.

कुणी मला विचारलं की एर्टिगा घेऊ का ट्रायबर घेऊ का इनोव्हा, तर मी आधी हेच विचारतो की मागच्या वर्षी तुम्ही किती वेळा, किती जण, कुठं गेला ते लिहून काढलंय काय. बहुतेकांनी काढलेलं नसतं. डोक्यात असतंय ते एखादं लग्न नाहीतर एखादी जत्रा, आणि त्या एका दिवसासाठी गाडी घेतली जाते.

वहीतनं अजून एक गोष्ट कळली, किलोमीटर. १४ खेपांचं आणि रोजच्या बेळगावच्या जाण्यायेण्याचं मिळून वर्षाला सहा हजार किलोमीटरच्या वर काही जात नव्हतं. त्यामुळं डिझेल-पेट्रोलचा प्रश्न पण सुटला. त्याच सालाची डिझेल एर्टिगा पेट्रोलपेक्षा ८० हजारानं महाग सांगत होते. पेट्रोल १४ आणि डिझेल १९ चं ॲव्हरेज धरलं, तेव्हाचे दर धरले, तर वर्षाला वाचणार १६ हजार. म्हणजे तो फरक भरून यायलाच ५ वर्षं, आणि डिझेलचा टर्बो, इंजेक्टर काही निघालं तर तो खर्च वेगळा. वर्षाला २० हजार किलोमीटर जाणाऱ्यानं डिझेल बघावी, आम्ही सोडून दिली.

दुसरं माप आज्जीचं. हे मला माझ्या बायकोनं सुचवलं. तिचं म्हणणं, आज्जीला पाय किती वर उचलता येतोय ते आधी बघा, तिला चढताच आलं नाही तर गाडी घेऊन काय करायचं. मग गोठ्याच्या पायरीजवळ विटा एकावर एक ठेवून आज्जीला दाराला धरून चढायला सांगितलं. एक वीट, दोन विटा, तीनपर्यंत ती आरामात चढली, चौथ्याला तिनं माझा खांदा घट्ट धरला, तेव्हा थांबवलं. मशीन शॉपमधला टेप माझ्याकडं होताच, तीन विटांची उंची मोजली आणि तेवढी खूण टेपवर पेननं करून ठेवली. पुढं प्रत्येक गाडीचं मागचं दार उघडलं की मी पहिल्यांदा तो टेप लावायचो, विकणारे बघत राहायचे. बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो ह्या तिन्ही तिथंच बाद झाल्या. झायलो आतनं खरंच ऐसपैस आहे, माझ्या मनात भरली होती, पण आज्जीला खाली पाट ठेवल्याशिवाय चढता येईना, आणि दर वेळी पाट घेऊन कोण फिरणार. बोलेरोत मागच्या दोन सीटा आडव्या, एकमेकांकडं तोंड करून, आम्ही बघितलेल्या गाडीत त्यांना बेल्टच नव्हते, तिथं पोरं बसवायचा विचारच वहिनीनं धुडकावला.

इनोव्हा कुणाला नको असते. पण आमच्या पैशात मिळत होती ती २०११ ची, अडीच लाख किलोमीटरच्या वर चाललेली. प्रायव्हेट गाडीची आरसी (नोंदणी) १५ वर्षांची असते, म्हणजे २०११ ची गाडी २०२६ ला परत पासिंगला न्यायची, आणि १५ वर्षं झालेल्या कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासनं ६०० वरनं ५,००० झालीय, शिवाय पाच-पाच वर्षांनी परत तेच. इंजिन चालेल अजून लाखभर, मान्य, पण सस्पेन्शन, एसी, सगळंच त्या वयाचं. मेस्त्री म्हणाला इनोव्हा घ्यायची तर गाडीइतकीच तिची सेवा करायची तयारी ठेव. सोडली.

ट्रायबर मात्र आम्ही नीट बघितली. २०२० ची होती, केए-२२ (बेळगावचा नंबर), एकच मालक, पैशात बसत होती. चार मीटरच्या आत सात सीटा बसवल्यात, तिसरी सीट काढून ठेवता येते, आणि २०२१ च्या ग्लोबल एनकॅपच्या (गाडी धडकवून सुरक्षा बघतात त्या) टेस्टमध्ये तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी ४ स्टार मिळालेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटत होती. आज्जी चढली पण सहज. मग सहा जणांना बसवून राजहंसगडाच्या चढाला नेली. आमच्या गावाजवळ हा गड असणं गाडी बघायला लई उपयोगी आहे, वरपर्यंत रस्ता आहे, चढ खडा आहे, आणि गाडीत माणसं भरली की तिथं सगळं बाहेर पडतंय. ट्रायबरचं इंजिन १ लिटरचं, ७२ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप). गावात, हायवेला काही वाटलं नाही, पण एसी लावून सहा जण घेऊन त्या चढाला पहिल्या गिअरवर यायला लागलं आणि दादाचा चेहराच उतरला, कारण आमची सोयरीक गोव्यात आहे आणि चोर्ला घाट वर्षातनं तीन-चारदा होतोच. आणि सातही सीटा लावल्यावर मागं सामानाला जागा ८४ लिटर, म्हणजे दोन पिशव्या. शहरातल्या पाच-सहा जणांच्या घराला ती गाडी मी आजही घे म्हणून सांगेन. आमच्या घाटाला आणि आमच्या बोचक्यांना ती पुरली नसती.

मग एर्टिगावर आलो, आणि खरा गुंता इथनं सुरू झाला.

पहिली एर्टिगा बघितली ती कोल्हापुरात. २०१७ ची, डिझेल, एमएच-०९, डीलर ५ लाख ६० हजार सांगत होता. आम्ही पेट्रोल ठरवलेलं, पण तशीच गाडी बेळगावात केए नंबरवर सव्वासहाला होती, म्हणून मन चळलं. पांढरी, आतनं एकदम स्वच्छ, दादानं तर चालवून झाल्यावर किल्ली परत द्यायला वेळ लावला. इतकी स्वस्त का म्हणून विचारलं तर डीलर म्हणाला कोल्हापुरात गाड्या स्वस्तच आहेत, तुमच्याकडं टॅक्स जास्त म्हणून तुमच्या गाड्या महाग. ते खरंच आहे. कर्नाटकात कारचा लाइफटाइम टॅक्स ५ लाखापर्यंतच्या गाडीला १३ टक्के, ५ ते १० लाखाला १४, १० ते २० लाखाला १७ आणि त्याच्या वर १८ टक्के, आणि त्या टॅक्सवर परत सेस. म्हणून इथला माणूस जुनी गाडी विकताना पण तो टॅक्स भाव करून मागतोच. पण आम्ही इथं राहणारी माणसं, गाडी इथंच वापरणार, मग तो टॅक्स आम्हाला चुकतोय कुठं.

घरी येऊन बेळगावच्या आरटीओजवळच्या एका एजंटाला विचारलं. त्यानं सांगितलेलं साध्या भाषेत असं. महाराष्ट्राच्या आरटीओकडनं एनओसी (ना-हरकत दाखला) काढायची, तो फॉर्म २८. गाडीवर बँकेचं कर्ज असलं तर आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा. मग इथं टॅक्स भरून नवीन केए नंबर घ्यायचा आणि नावावर करायची. टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं कमी होतो, पण तो तुम्ही जुनी गाडी कितीला घेतली त्याच्यावर नसतो, नवीन असताना तिची किंमत काय होती त्याच्यावर असतो. ही गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. आम्ही ५ लाख ६० हजारावर हिशोब करत होतो, तो नऊ लाखाच्या पुढच्या बिलावर निघाला. सेस धरून त्यानं ८० हजाराच्या आसपास सांगितला, वर त्याची फी आणि खेपा. महाराष्ट्रातला राहिलेला टॅक्स परत मिळतो पण तो अर्ज तिकडं, आणि मिळेल तेव्हा मिळेल. म्हणजे ५ लाख ६० हजाराची गाडी साडेसहाला जाऊन बसली, बेळगावच्या केए गाडीपेक्षा महाग, आणि आमच्या हद्दीबाहेर.

डीलरला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “तशीच चालवा की, बेळगावात रोज शेकड्यानं एमएच-०९ फिरत्यात, कोण विचारतंय?” फिरतात हे खरं, आमचा भाग असा आहे की सकाळी चंदगडहून माणूस बाजाराला येतो आणि संध्याकाळी परत जातो. पण तो त्याच्या गाडीतनं त्याच्या घरी जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणं दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांच्या वर ठेवली की नवीन नोंदणी करावीच लागते.

मग घरात दुसरी कल्पना निघाली, आणि ही आमच्याकडं बऱ्याच घरात निघते म्हणून मुद्दाम लिहितोय. मामाचा पोरगा चंदगड तालुक्यात राहतो, त्याच्या नावावर घ्यायची, नंबर एमएचच राहू दे. मामाचा पोरगा तयार पण होता. वहिनीनं मोडता घातला आणि तिचं बरोबर होतं. उद्या ॲक्सिडेंट झाला तर कोर्टाची नोटीस कुणाला येणार, क्लेमचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार, आणि उद्या त्याचं-आपलं बिनसलं तर गाडी कुणाची. आजवर नात्यात गाडीवरनं काही नाही, ते तसंच राहू दे म्हणाली. आप्पांनी मान डोलावली आणि विषय संपला. त्या दिवसापासनं ठरलं, केए नंबरचीच, आणि जमलं तर केए-२२ चीच.

दुसरी एर्टिगा बेळगावातच मिळाली, मीटरवर ८२ हजार किलोमीटर. बाहेरनं चकचकीत. माझं सगळं आयुष्य मशीनवर गेलंय, घासलेली वस्तू मला हाताला कळते. ब्रेकच्या पेडलचं रबर एका बाजूनं पार झिजून लोखंड दिसत होतं आणि स्टिअरिंग तळहात ठेवतो तिथं गुळगुळीत झालेलं. ८२ हजाराला एवढं होत नाही. सर्व्हिस सेंटरात गाडीचा नंबर देऊन रेकॉर्ड बघितलं, तर दोन वर्षांपूर्वीच १ लाख ६४ हजारावर सर्व्हिसिंग झालेलं. गाडी आधी पिवळ्या बोर्डावर होती, मग पांढरी करून घेतलेली. टॅक्सी होती म्हणून वाईट असं मी म्हणत नाही, हायवेला चाललेली टॅक्सी चांगली पण निघते, पण जो माणूस मीटर मागं घेतो त्याच्याकडनं बाकीचं काय खरं धरायचं.

तिसरीची आठवण मला अजून बेचैन करते. चिकोडीकडची, केए-२३, २०१८ ची पेट्रोल, फक्त ४ लाख ७० हजार. विकणारा माणूस साधा, बोलायला चांगला. मेस्त्रीला बरोबर घेऊन गेलो होतो. मेस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधी मधल्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला, आणि मला म्हणाला बघ. बेल्टचा जो भाग कायम आत गुंडाळलेला राहतो, तिथं पिवळसर मातीची रेघ होती, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी. पाणी तिथपर्यंत आलं होतं. मग सीटखाली हात घालून रेलचे बोल्ट बघितले, गंजलेले, आणि कार्पेटचा कोपरा उचलल्यावर वास आला तो नदीच्या गाळाचा. ऑगस्ट २०१९ चा पूर आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही, कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदम आल्या होत्या, माणसांची घरं गेली तिथं गाडीचं काय. आणि जुलै २०२१ ला परत आला. त्या पाण्यातल्या गाड्या धुऊन पुसून अजून बाजारात आहेत. वायरिंगमध्ये गेलेलं पाणी आज काही करत नाही, दोन-तीन वर्षांनी एकेक सेन्सर, एअरबॅगचं कनेक्शन, असं खायला लागतंय. बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडची २०२१ च्या आधीची कुठलीही गाडी बघताना प्रत्येक सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, एक मिनिट लागतंय. त्या माणसाला आम्ही काही बोललो नाही, त्यालाही ती कुणीतरी तशीच विकली असेल.

शेवटी मिळाली ती खानापूरकडच्या एका रिटायर मास्तरांची. २०१६ ची एर्टिगा, पेट्रोल, व्हीएक्सआय, केए-२२, पहिलेच मालक, ७१ हजार किलोमीटर. मुलं बंगळूरला, गाडी उभीच असायची म्हणून विकायची. सांगितलेली किंमत ५ लाख ६० हजार.

ह्या वेळी आम्ही गाडीकडं घरच नेलं. म्हणजे आज्जी, आई, आप्पा, दोन्ही पोरं, सगळ्यांना अल्टोच्या दोन खेपा करून मास्तरांच्या अंगणात उतरवलं. मास्तरीणबाईंनी सगळ्यांना चहा केला. आज्जीला आधी बसवलं. ती चढली, बसली, पाय लांब केले, आणि म्हणाली, “हितं बरं हाय गा. गुडघं मोकळं ऱ्हात्यात.” मधली सीट मागं-पुढं सरकते, ती थोडी पुढं घेतली तरी आज्जीला अडचण नाही आणि मागं पोरांच्या पायाला जागा होते, हे तिथंच बसवून बघितलं. मग दादाला मुद्दाम तिसऱ्या सीटवर बसवलं, दहा मिनिटं. पाच फूट दहा इंच माणूस, गुडघे छातीकडं आले. म्हणजे ती सीट पोरांची, फार तर वहिनीची तासाभरासाठी. हे घेण्याआधी कळलेलं चांगलं. मधे छतावर एसीचा वेगळा ब्लोअर आहे, पण तिसऱ्या सीटपर्यंत हवा पोचायला वेळ लागतो, ते थोरल्या पोरानंच सांगितलं. आणि मागच्या सीटा लावल्यावर सामानाला जागा १३५ लिटरच, फार नाही, पण ट्रायबरपेक्षा बरी, आणि कॅरिअर लावता येतो.

एअरबॅगचं पण बघितलं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा आधी लागायला पाहिजे आणि मग विझायला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी बल्ब काढलाय, विझला नाही तर सिस्टीम बिघडलीय. इथं लागला आणि विझला. सुरक्षेच्या बाबतीत एर्टिगा फार वरच्या नंबरात नाही, नवीन मॉडेलला ग्लोबल एनकॅपनं २०१९ ला ३ आणि २०२४ ला १ स्टार दिला. आमची त्याच्याही आधीच्या पिढीची. दादाला हे मी समोर बसवून सांगितलं की ही गाडी ८० च्या वर न्यायची नाही आणि मागच्या पोरांचा बेल्ट लावल्याशिवाय गिअर टाकायचा नाही, आणि तो ते आजपर्यंत पाळतोय.

चढाला नेली. मास्तर स्वतः पुढं बसले, आम्ही सहा. एसी लावून दुसऱ्या गिअरवर तक्रार न करता चढली, मधे मुद्दाम थांबवून हँडब्रेकवर धरली, क्लच सोडला, जळका वास आला नाही. १.४ लिटरचं ९२ पीएसचं इंजिन आहे, फार जोरकस नाही पण पुरतंय. परत येताना खड्ड्यात मागनं टक् टक् आवाज आला, मेस्त्री म्हणाला मागचे शॉकअप गेलेत. टायरवर चार आकडे असतात, २२१८ म्हणजे २०१८ च्या २२ व्या आठवड्यात बनलेला, चारही तसेच. नक्षी होती पण रबर कडक झालेलं, बाजूनं बारीक भेगा. ह्या दोन गोष्टींवर बोलणं झालं आणि ५ लाख २५ हजाराला ठरलं. मास्तरांनी घासाघीस केली नाही, आम्ही पण नाही.

कागद मात्र मी पैसे द्यायच्या आधी बघितले. एमपरिवहन ॲपवर मालकाचं नाव, बोजा, इन्शुरन्स, पीयूसी, सगळं जुळलं. एक जुना चलान निघाला, तो मास्तरांनी आमच्यासमोर भरला, त्यांना माहीतच नव्हता. बँकेचं कर्ज २०२१ लाच फिटलेलं पण आरसीवरनं बोजा उतरवायचा राहिलेला, हे लई ठिकाणी होतं, माणूस शेवटचा हप्ता भरतो आणि विसरतो. त्यासाठी १२ दिवस थांबलो. दादा म्हणत होता पैसे देऊन गाडी तर आणूया, मी ऐकलं नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ झाल्यावर मगच फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे फॉर्म) सह्या. एकाच राज्यातली बदली असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आम्ही त्याच आठवड्यात दिलं. ओटीपी मास्तरांच्या मोबाईलवर येतो म्हणून त्यांना सकाळीच फोन करून ठेवला होता. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट त्यांनी आधीच बसवलेली, कर्नाटकात एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती लागते. त्यांचा फास्टॅग त्यांनी बंद केला, आम्ही आमचा घेतला.

इन्शुरन्समध्ये एक खर्च अचानक आला. मास्तरांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) ५० टक्के होता, आम्हाला वाटलं गाडीबरोबर तो पण आला. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. पॉलिसी १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्यायची आणि त्या बोनसचा फरक भरायचा, तो ५,२०० आला. ट्रान्सफर आणि एजंट मिळून ६,५००. चार टायर २२,०००. शॉकअप, ब्रेक पॅड, ऑइल, कूलंट १४,३००. सगळं मिळून ५ लाख ७३ हजार. आप्पांनी ते लाल वहीत एकाखाली एक लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आता वर्ष होत आलं. ॲव्हरेज गावात १२, हायवेला १६ पर्यंत. चोर्ला घाटातनं दोनदा गेलो, एसी बंद करायला लागला नाही, पण सात जण असताना ओव्हरटेक करायचं नाही असा दादाचा नियम आहे. मधल्या सीटचं एक लिव्हर अडकत होतं, ते मी घरीच ग्रीस घालून मोकळं केलं. आज्जी आता दर महिन्याला डोळे दाखवायला जाते आणि येताना खडेबाजारात थांबायला सांगते, आधी कधी सांगत नव्हती.

चैत्रात जोतिबाला दहाही जण जायचं ठरलंय. शेजारच्या काकांना धारेचं सांगून झालं, आणि क्रुझरवाल्याला आप्पांनी परवाच ५०० रुपये ॲडव्हान्स दिलाय.